नऊ, चार, आठ, अकरा

नकाशावर ओला दोरा ठेवून अंतर मोजायची युक्ती आमच्या स्काउट पथकातल्या मुलांना मी शिकवलेली नाही. ती मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे आपोआप येते, जशा गाठी येतात. दोरा कोरडा असला की वळणावर उसळी मारतो. ओला केला की कागदाला चिकटून किनाऱ्याच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. मग तो उचलून ताणायचा आणि पट्टीवर धरायचा. दर जानेवारीत, बाहेर बर्फ साचलेला असताना, चार-पाच मुलं जमिनीवर पालथी पडून उन्हाळ्यातली सरोवरं अशी मोजत असतात. मी खुर्चीत बसून ते बघतो. पथकाचं काम करताना मला सर्वांत आवडणारी संध्याकाळ हीच.

त्यांच्यापुढे पसरलेला नकाशा बाउंड्री वॉटर्सचा असतो. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून सुमारे ११ लाख एकर जंगल आणि त्यात हजाराहून जास्त सरोवरं. १९६४ च्या वनप्रदेश कायद्याने ते राखलं गेलं आणि १९७८ साली त्याच्यासाठी वेगळा कायदाही झाला. आत रस्ते नाहीत आणि वस्ती नाही. एका सरोवरातून दुसऱ्यात जायचं तर मधली जमीन चालून ओलांडायची, होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ वाहून नेणं. केसाळ कातडीच्या व्यापाराच्या काळात फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकरी याच वाटांनी जात, पाठीवर ९० पौंडांचे दोन-दोन गठ्ठे घेऊन. त्यांच्या फार आधीपासून ही वाट आणि ही होडी इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची. भूर्जाची साल, देवदाराच्या फासळ्या, स्प्रूस झाडाच्या मुळांची शिवण आणि फटींत भरलेला डिंक. आजची कनू, म्हणजे हीच वल्ह्यांची अरुंद होडी, केव्हलार नावाच्या हलक्या, मजबूत धाग्याची असो की अ‍ॅल्युमिनियमची, आकार त्यांनीच दिलेला आहे. पहिल्या दिवशी होडी पाण्यात ढकलण्याआधी मी मुलांना एवढं सांगतो. फार लांबवत नाही, कारण त्यांचे पाय तोवर पाण्यात गेलेले असतात.

पोर्टेजची लांबी नकाशावर रॉडमध्ये छापलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढं अंतर. ३२० रॉडचा एक मैल. मुलांना हे माप एकदम आवडतं, कारण ते डोळ्यांपुढे उभं राहतं: वाटेवर एकापुढे एक अशा इतक्या होड्या मांडल्या तर. पण याच मापात दरवर्षी कुणीतरी फसतं. १६० रॉडचा पोर्टेज म्हणजे अर्धा मैल, त्याला किती वेळ लागणार? कागदावर दहा मिनिटं. मी तेव्हा उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. सामान एका फेरीत जाईल का? नाही, दोन फेऱ्या. मग किती चालणं? एक मैल. खरंच? कुणीतरी बोटाने नकाशावर जातं, येतं, परत जातं. जाताना ओझं, येताना रिकामे हात, पुन्हा ओझं. तीन वेळा. दीड मैल. मग खोडरबर निघतं, दिवसाला वीस मैलांचे आठ होतात आणि वहीत पहिल्यांदा माणसांना झेपेल असा बेत उतरतो.

समोरून वारा आला तर काय, हा प्रश्नही मी विचारतो. त्यावर मात्र कुणाकडेच आकडा नसतो. मोठं सरोवर सकाळी लवकर ओलांडायचं, दुपारी वारा उठतो तेव्हा लहान सरोवरांत किंवा मुक्कामावर असायचं, एवढं लिहून घेतात. लिहिलेलं आठवणं निराळं. त्याकडे येतोच.

या जंगलाचा एक नियम मला पथक चालवायला फार उपयोगी पडला आहे. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. पाण्यावर, पोर्टेजवर, मुक्कामावर, कुठेही. दोन गट ओळखीचे असले तरी एका जागी मिळून दहा होता येत नाही. १ मे ते ३० सप्टेंबरपर्यंत मुक्कामी परवान्यांना कोटा असतो आणि परवान्यावर प्रवेशाची जागा व दिवस ठरलेला असतो. आमच्या संघटनेचा दुसरा नियम त्याला जोडायचा: प्रत्येक गटाबरोबर २१ किंवा त्याहून जास्त वयाचे किमान दोन नोंदणीकृत प्रौढ. म्हणजे उरली सात मुलं. आमची यायला तयार झालेली मुलं चौदा होती, तेव्हा दोन गट करावेच लागले. दोन परवाने, दोन प्रवेश, दोन वाटा.

पालकांच्या सभेत याला विरोध झाला. सगळे एकत्र का नाही? एकमेकांच्या नजरेत राहिले तर बरं नाही का? काळजी खरी होती आणि मी ती उडवून लावली नाही. पण मनातून मला बरंच वाटलं होतं. स्काउटिंग सुरू करणाऱ्या रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यांनी मुलांचे चार छोटे संघ केले. लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. स्काउटिंगचं सगळं बळ माझ्या मते त्या एका निर्णयात आहे. चौदा मुलं एकत्र असली की त्यातली तीन कामं करतात आणि अकरा जण त्यांच्याकडे बघतात. सात असली की लपायला जागाच नसते. पातेलं घासायला उरलेला मुलगा तूच, हे सातांत लगेच कळतं. शहरातल्या सभागृहात आम्ही वर्षभर संघाचं महत्त्व सांगत असतो. जंगलखात्याच्या एका आकड्याने ते दोन मिनिटांत करून टाकलं.

मोठ्यांच्या वाट्याला जे बेत आखणं येतं ते नकाशावरचं नसतं. वैद्यकीय अर्ज, औषधांची यादी, सोळा तासांचा रानातल्या प्रथमोपचाराचा वर्ग, कुठल्या दिवशी कुठे असू याचा कागद मागे राहणाऱ्या एका माणसाच्या हाती. पोहण्याची परीक्षा: डोक्याहून खोल पाण्यात उडी, ७५ यार्ड जोरकस पोहणं, मग २५ यार्ड पाठीवर निवांत, शेवटी तरंगून राहणं. ती दरवर्षी नव्याने. लाइफ जॅकेट होडीत बसताना घालायचं आणि उतरल्यावरच काढायचं, यात चर्चा नाही. उलटलेली कनू दुसऱ्या कनूवर आडवी ओढून, रिकामी करून पुन्हा सरळ पाण्यात सोडायचा सराव निघण्याआधी प्रत्येकाने केलेला हवा. मुक्कामाच्या जागी तंबू ठोकण्याआधी वर बघायचं, मेलेलं झाड किंवा लोंबती फांदी आहे का. ४ जुलै १९९९ च्या वादळाने याच जंगलात कोट्यवधी झाडं आडवी केली होती. तंबूत झोपलेल्या माणसाला झाड पडायच्या आधी सूचना मिळत नाही.

हे सगळं झालं तरी खरं काम उरतं आणि ते कुठल्याच अर्जावर नाही. कुठली चूक मुलांना करू द्यायची आणि कुठली नाही, हे ठरवणं. मी स्वतःशी त्याचे दोन भाग केले होते. काही चुकांनी जेवण गार होतं: मीठ विसरलं, तंबू उतारावर लावला, सरपण भिजलं. त्या होऊ द्यायच्या, तोंडातून शब्द काढायचा नाही. काही चुकांनी माणूस गार होतो: वीज, कुऱ्हाड, थंड पाणी, वारा. तिथे थांबायचं नाही. ही विभागणी मला इतकी पक्की वाटत होती की नव्याने येणाऱ्या प्रौढांना मी ती समजावून सांगत असे.

ती दोन वर्षांपूर्वी मोडली.

तिसरा दिवस होता. शंभरेक रॉडचा पोर्टेज, मध्ये चिखल, मग खडकाळ चढ. कनू डोक्यावर घेऊन चालणं ज्याने केलं नाही त्याला ते कळावं म्हणून जरा थांबतो. सतरा फुटी केव्हलारची कनू चाळीस-पंचेचाळीस पौंडांची असते. मधली आडवी पट्टी दोन्ही खांद्यांवर टेकते, होडीचं पोट आभाळाच्या जागी येतं आणि जग पायापुढच्या सहा फुटांएवढं होतं. दोन मुळं, एक दगड, पुढच्याच्या बुटाचा ठसा, त्यात भरत चाललेलं पाणी. आत शिरलेला एक डास होडीभर घुमतो. स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा असावा तसा कानांवर येतो. हात वर गुंतलेले, त्यामुळे मानेवर बसलेल्याला हाकलताही येत नाही. त्या दिवशी तेरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा एकटा कनू नेत होता. मी मागे बोजा घेऊन चालत होतो. चढावर तो थांबला, होडीचं टोक एका झाडाच्या बेचक्यात टेकवलं, खाली उभ्या उभ्या श्वास घेतला आणि मागे न बघता पुन्हा पुढे निघाला. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांकडे बघताना जो अभिमान वाटला तो अजून तसाच आहे.

पलीकडच्या काठावर सामान होड्यांत भरलं गेलं. सगळे दमलेले आणि खुशीत. शेवटच्या कनूत बसताना मी मागे वळून पाहिलं, तर देवदाराच्या बुंध्याशी निळी पिशवी पडलेली. पातेल्यांची. भांडारप्रमुख मुलाने तिच्यावरून नजर फिरवलेली मी पाहिली होती, त्याला ती दिसली नव्हती.

माझ्या विभागणीप्रमाणे हिशोब सरळ होता. पातेली राहिली म्हणजे जेवण गार. कळेल, परत येतील, पुन्हा विसरणार नाहीत. मी गप्प बसलो आणि वल्हं मारलं.

सरोवर दीडेक मैल लांब. पलीकडे मुक्कामाची जागा मिळाली, चुलीची लोखंडी जाळी होती, सरपणही आलं, आणि मग पातेली शोधायला सुरुवात झाली. त्या मुलाचा चेहरा उतरला. संघनायकाने, सोळा वर्षांचा, शांत मुलगा, दोन कनू परत न्यायच्या असं ठरवलं. एकटी होडी पाठवायची नाही हे त्याला बरोबर आठवलं. मी त्याच्या निर्णयावर खूश होतो. दुपारचे तीन वाजले होते.

जाताना वारा पाठीवर होता, म्हणून तो किती आहे हे कळलं नाही. पिशवी घेऊन फिरलो तेव्हा समोर पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा होत्या. माझ्या होडीच्या नाकावर तोच, पातेली विसरलेला मुलगा. आम्ही बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसलो, वजन खाली गेलं, लाटेला तिरकं घेत पुढे सरकायला लागलो. पंधरा-वीस वल्ही मारली तरी काठावरचा तोच खडक बाजूला. एक लाट नाकावरून आत आली आणि त्याच्या मांडीवर सांडली. तो काही बोलला नाही. मी मागून ओरडून ताल देत होतो, एक, एक, एक, आणि प्रत्येक आकड्याबरोबर माझ्या मनात एकच गोष्ट येत होती: ही पिशवी मी पाहिली होती. आम्ही काठाकाठाने, उपसागराच्या आडोशाने, लांबच्या वाटेने परत आलो. दोन तास लागले. कुणी पाण्यात पडलं नाही.

रात्री जेवणानंतर मी मुलांना सांगितलं की पिशवी मला दिसली होती आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. का, तेही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता आणि त्या मुलाने सगळा दोष स्वतःवर घेऊन झोपावं हे मला सहन झालं नसतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. दूर कुठेतरी लून नावाचा पाणपक्षी ओरडला, तो लांब, वर चढणारा आवाज, आणि पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं.

मग संघनायक म्हणाला, "पिशवी पाहिलीत. वारा पाहिला होतात का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला माहिती हवी होती.

पाहिला नव्हता. काठावर शांत होतं, झाडांचा आडोसा होता. चूक मी जेवणाच्या खणात टाकली आणि पुढे तिच्याकडे बघितलंच नाही. ती दीड मैल पाण्यावरून गेली, तीन वाजले, वारा उठला, आणि चुकीचा खण बदलला. पिशवी तीच, विसरणंही तेच. परत निघायच्या वेळी तरी मी तोंड उघडायला हवं होतं: आज गार खाऊ, पहाटे वारा पडला की आणू. तेव्हाही मी मुलाच्या निर्णयावर खूश होण्यात गुंतलो होतो. संघनायकाला मी एवढंच म्हणालो की नाही, पाहिला नव्हता. त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मोजायची पद्धत त्या वहीतून आली. सकाळी त्याने ती जाहीर केली. प्रत्येक काठावर, होडी ढकलण्याआधी, एकाने मोठ्याने मोजायचं आणि बाकीच्यांनी हात लावून दाखवायचं. नऊ माणसं. चार कनू. आठ बोजे. अकरा वल्ही, नऊ हातातली आणि दोन जादा. नऊ, चार, आठ, अकरा. आकडा जुळला नाही तर कुणी हलायचं नाही, मोठी माणसंसुद्धा. मोजणारा रोज बदलायचा. पहिल्या दिवशी मोजायला त्याने पातेलीवाल्या मुलालाच उभं केलं. हे मला सुचलं नसतं.

मी गप्प बसणं सोडलेलं नाही. सोडलं तर पथक माझं होईल, त्यांचं राहणार नाही. फक्त आता गप्प बसण्याआधी पाण्याकडे बघतो, झाडांच्या शेंड्यांकडे बघतो, घड्याळ बघतो. आणि पुन्हा बघतो, कारण अर्ध्या तासापूर्वीचं उत्तर शिळं झालेलं असतं. नव्या प्रौढांना ती दोन खणांची विभागणी मी अजून सांगतो, पण पिशवीची गोष्टही सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा दोन गट होते. दोन प्रवेशांतून निघालेल्या वाटा चौथ्या दिवशी एका सरोवरावर जवळ येत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा गट आमच्या पुढे त्याच पोर्टेजवर होता, जेमतेम वीस रॉडचा. काठावर दोघांनी मिळून अठरा व्हायचं नाही, म्हणून आम्ही पाण्यावरच थांबलो. सकाळचे सात. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं, होडी सोडली तिथेच राहत होती. त्यांच्यातल्या शेवटच्या मुलाची पाठ झाडांत गेली. आणि मला दिसलं, काठावरच्या देवदाराला टेकून एक वल्हं उभं होतं.

माझ्या होडीच्या नाकावर बसलेल्या मुलालाही ते दिसलं. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं, मग शेंड्यांकडे. त्यानेही बघितलं. आम्ही दोघं बसून राहिलो.

झाडांपलीकडून आवाज आला. नऊ. चार. आठ. मग थांबला. काहीतरी पुटपुट, पुन्हा मोजणं, आणि मग धावत येणारे बूट. एक मुलगा झाडांतून बाहेर आला, वल्हं उचललं, आम्हाला बघून ते एकदा डोक्यावर उंच केलं आणि आल्या वाटेने पळाला.

अकरा.